आवाजाच्या गावी

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझा आवाज गेला. ‘बसला’ असे म्हणणार होतो. पण बसलेला आवाज चार दिवसांनी उठतो. माझा उठेना. ज्येष्ठमध चघळून झाला, हळद-दूध पिऊन झाले, शेजारच्या आजींनी सांगितलेला आल्याचा रस आणि मध झाला. वर्गात केशवसुतांची कविता म्हणायला तोंड उघडावे, तर पहिल्या दोन अक्षरांपुढे नुसती हवा! शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले आणि सांगितले, ‘‘सर, स्वररज्जूंवर गाठी आहेत. भिण्यासारखं काही नाही. पण वीस वर्षं तुम्ही शिकवत नव्हता, ओरडत होता.’’

ऐंशी मुलांचा वर्ग, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, खिडकीखाली एस.टी.चा थांबा. ओरडू नये तर काय करावे? पण डॉक्टरांशी वाद घालायलासुद्धा आवाज लागतो! सहा आठवडे संपूर्ण मौनाची शिक्षा घेऊन घरी आलो. घरात एक पाटी आली. तिच्यावर मी ‘चहा’ असे लिहिले, की सौभाग्यवती ती शांतपणे वाचीत आणि तितक्याच शांतपणे पुसून ठेवीत. लग्नाला अठरा वर्षे झाली. एवढी निवांतता त्यांना प्रथमच लाभली होती.

मौनात माणूस वाचतो. माझ्या हाती रोलाँ बार्थ आला. हे नाव एम.ए.च्या मुलांना मी दरवर्षी सांगत आलो आहे. लेखकाचा मृत्यू जाहीर करणारा हा फ्रेंच समीक्षक १९१५ साली जन्मला आणि १९८० साली गेला. परीक्षेला एवढे पुरते. पण या बार्थने तरुणपणी गाण्याची तालीम घेतली होती, हे आमच्या कुठल्याही नोट्समध्ये नव्हते. १९७२ साली त्याने एक निबंध लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ मी ‘आवाजाचा पोत’ असा करतो. त्यात त्याने आपल्या गुरूविषयी, शार्ल पाँझेरा नावाच्या बॅरिटोन गायकाविषयी लिहिले आहे. बॅरिटोन म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीतला आवाज. फार उंचही नाही आणि फार खर्जातलाही नाही. मास्तरांचा असतो तसा म्हणा ना!

बार्थने या निबंधात दीत्रिश फिशर-डीस्काऊ या जगप्रसिद्ध जर्मन गायकाला पाँझेराशेजारी उभे केले आणि जगाच्या पसंतीविरुद्ध कौल दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जर्मन गायकाचे सारे काही बिनचूक आहे; भावना आहे, श्वास आहे, नाट्य आहे. पण ऐकू येते ती त्याची छाती. पाँझेराच्या गाण्यात ऐकू येते ती भाषा. जीभ, दात, टाळू, ओठ यांच्यात घडणारी, अंग असलेली भाषा.

मी पुस्तक मिटले. वीस वर्षे ज्याची छातीच ऐकू येत होती, अशा माणसाला हे वाक्य घशात अडकल्यावाचून कसे राहील?

माझी भाची पॅरिसला संशोधन करते. तिला निरोप पाठवला. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुन्या तबकड्यांचा मोठा साठा सर्वांना ऐकण्यासाठी खुला केला आहे. तिथून आणि इकडून-तिकडून जमवून तिने संध्याकाळपर्यंत मला पाँझेराची डझनभर गाणी धाडली. सोबत एक ओळ होती : ‘मामा, आधी खरखर ऐकू येईल. घाबरू नकोस.’

खरखर कसली, कढईत भजी सोडल्याचा आवाज होता तो! त्या चरचरीतून दुरून पियानो आला आणि मग एक आवाज. खरे सांगतो, पहिल्यांदा माझी निराशाच झाली. मी डोंगराएवढा आवाज कल्पिला होता. हा तर शेजारच्या खोलीत कुणी आपल्याशीच बोलत असावे तसा. तान नाही, मुरकी नाही, अश्रू नाहीत. गाणे तीन मिनिटांत संपले. पण संपल्यावर खोलीत काहीतरी उरले. मी पुन्हा लावले. तिसऱ्या खेपेस माझ्या ध्यानात आले की, फ्रेंचचा एक शब्दही न समजता मला प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येत होते!

फ्रेंचमध्ये एक स्वर आहे. ओठ ‘उ’चे करायचे आणि जीभ ‘ई’ची ठेवायची. म्हणून पाहा, आरशात स्वतःलाच हसू येईल. हा स्वर पाँझेराच्या तोंडी असा स्वच्छ, की घासलेल्या पितळी भांड्यावरून उन्हाची तिरीप सरकावी. त्यांच्या अनुनासिकांचे आपल्याला नवल नाही; आपला कोकणी माणूस ती आईच्या दुधाबरोबर प्यालेला असतो. आणि त्याचा ‘र’! पॅरिसचा माणूस बोलताना ‘र’ घशात घासतो. पाँझेरा गाताना तो जिभेच्या शेंड्यावर फिरवतो, जवळजवळ आपल्यासारखा. पण त्यात गावरान ठसका नाही. व्यंजनांवर वापराची झीज दिसली पाहिजे, अशी त्याची शिकवण होती, असे बार्थ सांगतो. उंबरठ्याचा दगड पिढ्यांच्या पायांनी झिजतो आणि त्या झिजेनेच तो त्या घराचा होतो. तशी ती व्यंजने.

जी गाणी तो गाई, त्यांना फ्रेंचमध्ये ‘मेलोदी’ म्हणतात. एक चांगली कविता, तिच्यासाठी रचलेली चाल, एक गळा आणि एक पियानो. आपल्या भावगीताची ही चुलत बहीणच म्हणावी. ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशींच्या गळ्यातून तबकडीवर आली, तेव्हा मराठी घरांत जे घडले असेल, त्याच जातीचा हा प्रकार. फरक एवढाच, की मेलोदीत पियानो नुसती साथ करीत नाही. तो कवितेतले न लिहिलेले बोलतो.

मौनाचे सहा आठवडे संपले. आवाज परतला, पण फाटक्या धोतरासारखा. एका बाजूने ओढावा तर दुसरीकडे उसवे. डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि ‘पुन्हा ओरडलात तर शस्त्रक्रिया’ अशी तंबीही दिली. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या प्राचार्यांनी बोलावून प्रेमाने सांगितले, ‘‘सर, पुढल्या वर्षी तास कमी करू. परीक्षा विभागाचं काम बघा. तिथं बोलावं लागत नाही.’’ सद्हेतूच होता त्यात. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कवितेचा तास न घेणारा मराठीचा मास्तर म्हणजे काय, हे मी अंधारात आढ्याकडे पाहत शोधीत होतो.

मे महिन्यात भाचीने तिकीटच काढून पाठवले. ‘‘बोलू नकोस, नुसता ये,’’ ती म्हणाली.

आणि अशा रीतीने, लूव्र आणि आयफेल मनोरा यांच्यासाठी लोक पॅरिसला जातात, तो मी एका मेलेल्या गवयाचा माग काढीत गेलो.

पहिल्या दिवशी भाचीने मला साँ-लाझार स्टेशनाच्या मागच्या वस्तीत नेले. इथले रस्ते म्हणजे भूगोलाचा तास आहे : रोमचा रस्ता, लंडनचा रस्ता, व्हिएन्नाचा रस्ता. रोमच्या रस्त्यावर व्हायोलिन करणाऱ्या-विकणाऱ्यांची दुकाने आहेत. तिथून वळले की माद्रिदचा रस्ता. १९११ पासून १९९० पर्यंत पॅरिसची सुप्रसिद्ध संगीतशाळा या रस्त्यावरच्या इमारतीत होती. ती पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. पण या वास्तूत अजूनही गाणे-बजावणे शिकवले जाते.

शार्ल पाँझेरा १८९६ साली जिनिव्हाला जन्मला. पॅरिसच्या संगीतशाळेत तो शिकत होता आणि पहिले महायुद्ध पेटले. तो आपण होऊन फ्रान्सच्या सैन्यात गेला, जखमी झाला, परत आला आणि राहिलेले शिक्षण त्याने पुरे केले. १९१९ साली तो संगीत-नाट्याच्या रंगमंचावर उभा राहिला. मुखवटे आणि पोशाख यांत तो रमला असता तर कदाचित अधिक गाजला असता. पण त्याचा जीव होता कवितेत. माग्दलेन बाय्यो ही पियानोवादक त्याची पत्नी. जन्मभर तीच त्याच्या साथीला बसली. पुढे १९४९ पासून तो याच संगीतशाळेत शिकवू लागला.

आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे होतो. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी होती. आत कुणी मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होती. दर वेळी एका ठिकाणी थांबे, पुन्हा पहिल्यापासून. गवयाचा असो की मास्तरचा, धंदा हाच. मी अर्धा तास ती ओळ ऐकली. भाची एकदाही ‘चल’ म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी साँत्वाँच्या जुन्या बाजारात गेलो. पॅरिसच्या उत्तर वेशीबाहेरचा हा बाजार म्हणजे आपला चोरबाजार. फक्त इथले भंगार पोशाखी. तबकड्यांच्या एका दुकानात भाचीने पाँझेराचे नाव घेताच म्हातारा दुकानदार उठला, शिडी लावून वर चढला आणि एक तबकडी घेऊन उतरला. हवी होती ती नव्हती. शूमान या जर्मन रचनाकाराची गीतमाला पाँझेराने १९३५ साली आल्फ्रेड कोर्तो या थोर पियानोवादकाच्या साथीने गायली, त्या संचातली ही एक तबकडी. आणि तिच्या मध्यावर कोण बसला होता? कर्ण्यासमोर कान टवकारलेला आपला कुत्रा! ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे फ्रेंच नाव घेऊन बसला होता एवढेच. आमच्या आजोबांच्या घरच्या नाट्यपदांच्या तबकड्यांवरही हाच बसत असे. परमुलुखात गाववाला भेटावा तसे झाले मला.

दुकानदाराने चावी दिली, सुई ठेवली. मिनिटाला ७८ फेरे. फोनवर ऐकलेला आवाज आणि हा आवाज यांत फोटो आणि माणूस एवढा फरक होता. खरखर होतीच, पण तिच्यामागून आवाज लाकडातून यावा तसा आला, अंगाला लागला. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्यापूर्वी गवई भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात. त्यांना ओरडल्यावाचून गत्यंतर नसे. मायक्रोफोन आला आणि हलक्या आवाजात गाणाऱ्यालाही तबकडीवर जागा मिळाली. पाँझेरा नेमका त्या दारातून आत आला. पुढे लाँग प्ले तबकड्यांचा जमाना सुरू होईतो त्याचे गाणे थांबत आले होते. म्हणून त्याचे सारे वैभव या तीन-चार मिनिटांच्या काळ्या चकत्यांतच राहिले.

त्या चकत्यांची एक गंमत मला तिथे आठवली. जुन्या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या दाबून काढीत. आणि त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख जाई ती हिंदुस्थानातून. छोटा नागपूरकडच्या पळस, कुसुम, बोर या झाडांवर किड्यांनी केलेली, आदिवासींनी खरवडून काढलेली लाख. म्हणजे पाँझेराचा फ्रेंच गळा जिच्यावर कोरला गेला ती कातडी आपल्या रानातली! हे मी भाचीला हलक्या आवाजात सांगितले, तिने दुकानदाराला सांगितले. म्हाताऱ्याने तबकडी उलटसुलट करून पाहिली आणि दहा युरो कमी केले.

तिसऱ्या दिवशी पासीची दफनभूमी. आयफेल मनोऱ्यासमोर नदीपलीकडे त्रोकादेरोचा चौक आहे. तिथल्या गर्दीपासून दोन मिनिटांवर उंच भिंतीआड ही जागा. चेस्टनटच्या सावलीत इथे देब्युसी झोपला आहे, माने हा चित्रकार झोपला आहे आणि गाब्रिएल फोरेही. मी फोरेसाठी आलो होतो.

फोरे १८४५ सालचा. १९०५ पासून १९२० पर्यंत संगीतशाळेचा तो प्रमुख होता. म्हणजे पाँझेरा विद्यार्थी असताना हा त्याचा प्राचार्य. त्या काळातच फोरेचे कान जाऊ लागले. नुसते ऐकू येईनासे झाले असते तरी एक वेळ पत्करले असते. त्याला वरचे सूर उतरून आणि खालचे सूर चढून ऐकू येत; मधले तेवढे क्षीण पण खरे. आपलेच संगीत ऐकणे ही त्याला यातना झाली. कितीतरी काळ त्याने हे लोकांपासून लपवले. संगीतशाळेचा प्रमुख बहिरा, हे कुणाला कसे सांगावे? मी त्या दगडासमोर उभा राहिलो तेव्हा मला माझ्या प्राचार्यांची खोली आठवली. माझे दुखणे तरी सगळ्यांना ऐकू येत होते!

या माणसाने १९२१ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, चार कविता निवडल्या आणि चार गाण्यांची एक लहानशी माला रचली. नाव ‘लोरिझाँ शिमेरिक’. मृगजळासारखे क्षितिज, असे मी त्याचे मराठी करतो. चारही गाणी मिळून सात-आठ मिनिटे. ती त्याने पंचविशीतल्या पाँझेराला अर्पण केली आणि १३ मे १९२२ रोजी पॅरिसमध्ये पाँझेराने ती प्रथम गायली. फोरे १९२४ च्या नोव्हेंबरात गेला. त्यानंतर त्याच्या हातून गळ्यासाठी गाणी झाली नाहीत, ही शेवटची.

ऐकू न येणाऱ्याने ही रचली कशी? भाचीने विचारले. मी खिशातली पाटी काढली. हो, तीही पॅरिसला आली होती! तिच्यावर लिहिले : ‘मधल्या पट्टीत.’ मी काही संगीतज्ञ नव्हे. पण या गाण्यांत एकही सूर दिखाव्यासाठी वर जात नाही. माणूस जिथे बोलतो तिथेच गाणे राहते. कानांनी दगा दिला तेव्हा म्हाताऱ्याने जे खरे ऐकू येत होते त्याच्याच आसपास घर बांधले, असे मला वाटते.

पण कविता कुणाच्या? त्यासाठी बोर्दोला जायला हवे होते.

माँपार्नास स्टेशनावरून भरधाव गाडी निघते आणि दोन तासांत बोर्दो येते. आणि अंतर मात्र पाचशेहून अधिक किलोमीटर! गारोन नदीने इथे चंद्रकोरीसारखे वळण घेतले आहे; म्हणून हे ‘चंद्राचे बंदर’. शहराच्या चिन्हातही चंद्रकोरी आहेत. काठाने अठराव्या शतकातल्या पिवळट दगडी हवेल्यांची रांग आहे, नजर पोचते तिथवर. ही श्रीमंती दारूच्या पिंपांची, तशीच गुलामांच्या व्यापाराचीही. दगड सुंदर आहेत, पण निष्पाप नाहीत.

नदी पाहिली आणि मी थबकलो. पाणी निळे नाही, हिरवे नाही. चहात दूध घालावे तसे तांबूस गढूळ. समुद्र इथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. पण भरती शहरापर्यंत चढते, आणि नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते.

वाचकहो, माझे बालपण चिपळूणचे. आमची वाशिष्ठीही अशीच. समुद्र दूर दाभोळला, पण भरतीचे पाणी गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येते. मुंबईच्या आगबोटीतून दाभोळला उतरलेली माणसे लाँचने त्या धक्क्यावर येत, असे आजोबा सांगत. ते रोज संध्याकाळी तिथे जात. कुणी यायचे नसे, कुणाला पोचवायचे नसे. मुंबईसुद्धा त्यांनी जन्मात पाहिली नाही. लाँच बंद झाली तरी ते जातच राहिले. आजी म्हणे, ‘‘काय पाहता हो त्या चिखलात?’’ त्यावर ते काही बोलत नसत.

बोर्दोच्या धक्क्यावर असाच एक मुलगा उभा राहत असे. झाँ द ला व्हिल द मिर्माँ. जन्म १८८६, याच गावी. वडील लॅटिनचे प्राध्यापक. फ्रान्स्वा मोरियाक, ज्याला पुढे १९५२ चे नोबेल मिळाले, तो याचा मित्र. मुलाला समुद्राचे वेड. पण नोकरी लागली पॅरिसच्या एका सरकारी कचेरीत; कारकुनाची. समुद्र राहिला कवितेत. १९१४ साली त्याने एक लहानशी कादंबरी पदरमोड करून छापली. तिचा नायकही कारकूनच. त्याच वर्षी युद्ध आले. डोळे अधू म्हणून त्याला आधी नाकारले. तो हट्टाने भरती झाला. २८ नोव्हेंबर १९१४ रोजी आघाडीवर तोफगोळा फुटला आणि तो मातीखाली गाडला गेला. अठ्ठावीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस होते. कविता छापल्या गेल्या १९२० साली, तो गेल्यावर. पुढच्याच वर्षी त्या बहिऱ्या म्हाताऱ्याच्या हाती पडल्या.

आता धक्क्यावर मालाची जहाजे लागत नाहीत. ती खाली, समुद्राच्या बाजूला गेली. जुनी गोदामे पाडून तिथे फिरायची वाट केली आहे. २००६ साली एका हवेलीसमोर पाण्याचा पातळ आरसा केला. त्यात पोरे अनवाणी नाचतात आणि हवेली उलटी दिसते. शेजारून तारांवाचून चालणारी ट्राम जाते. कवीचा एखादा पुतळा शोधीत आम्ही फिरलो नाही. मला हवा होता फक्त काठ.

ओहोटी लागली होती. दगडी पुलाच्या कमानींखालून पाणी ओढीने चालले होते. भाचीने फोन मधल्या दगडावर ठेवला आणि चारही गाणी ओळीने लावली. पाँझेराने १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेली, पियानोवर माग्दलेन. पहिल्यात अथांग समुद्र. दुसऱ्यात हलत्या डेकवर पाऊल ठेवल्याचा झुला. तिसऱ्यात चंद्र, आणि पियानोचे एकसारखे, न घाई करणारे ठोके. चौथ्यात जहाजे निघून जातात आणि सांगणारा काठावर राहतो. जायचे राहून गेले ते सारे त्याच्या आतच राहते.

या चौथ्या गाण्यात अखेरीस सूर चढतो. इथे कुणीही गवई गळा मोकळा सोडील. तो मोह मोठा आहे. पाँझेरा सोडीत नाही. तो आवाज वाढवतो, पण शब्दांच्या पुढे जाऊ देत नाही. युद्धातून जो परत आला त्याने, जो परत आला नाही त्याचे शब्द, जणू भरलेली कळशी न्यावी तसे पलीकडे नेले. एक थेंबही स्वतःसाठी सांडला नाही! रडला असता तर ते रडणे पाँझेराचे झाले असते. तो रडला नाही, म्हणून काठावरचा मुलगा मला दिसला. आणि त्याच्या शेजारी, धोतराचा सोगा हातात धरून चिखलाकडे पाहणारे आमचे आजोबा.

किती विचित्र हा ऐवज! कवीला जहाज मिळाले नाही. रचनाकाराला कान राहिले नाहीत. गायकाला काळाने तीन मिनिटांची लाखेची चकती तेवढी दिली. आणि ऐकणारा, आवाज गेलेला, फ्रेंच न येणारा एक मराठीचा मास्तर. प्रत्येकापाशी काहीतरी कमी. तरी गाणे पोचले. का पोचले? कुणीही आपली उणीव ओरडून भरून काढायला गेले नाही, म्हणून.

‘‘मामा, रडतोयस का?’’ भाचीने विचारले.

‘‘नाही गं. वारा आहे,’’ मी म्हणालो. मग तिला आजोबांची गोष्ट सांगितली. पाटीवर लिहून नाही, तोंडाने. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, ‘‘तुझं एकूणएक अक्षर ऐकू आलं. मागून ट्राम गेली तरी.’’ मला तेव्हा कळले की, वर्षभरात एवढे सलग मी प्रथमच बोललो होतो, आणि घसा दुखत नव्हता.

परतीच्या प्रवासात तबकडी तडकली. पिशवी मांडीवरून खाली घेताना कुठेतरी धक्का लागला असावा, दोष माझाच. कडेपासून मधल्या कुत्र्याच्या शेपटीपर्यंत केसासारखी चीर गेली आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘एवढ्या लांबून फुटकं आणलंत!’’ मी म्हणालो, ‘‘लाख माहेरी आली आहे. थकली असेल.’’ ती आता माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे.

जूनमध्ये प्राचार्यांना भेटून मी कवितेचा तास मागून घेतला. एकच, पण कवितेचा. पंखे तसेच होते, एस.टी.चा थांबाही जागेवर होता. मी पुस्तक उघडले आणि ज्या आवाजात घरी बोलतो त्या आवाजात, प्रत्येक व्यंजनाला त्याची जागा देत, कविता वाचू लागलो. सर्व वर्ग मंत्रमुग्ध झाला, असे लिहिले तर ते खोटे होईल. मागच्या बाकावरची दोन मुले उठून बाहेर गेली. एक मुलगी खिडकीतून बस पाहत होती. पण तिसऱ्या ओळीला पुढच्या बाकावरून कुणीतरी उठले आणि पंखा बंद केला.

मी वर पाहिले नाही. पुढची ओळ वाचली.